चाकाचे नट नेमके किती आवळायचे: पान्यावर उभं राहण्याआधी एवढं वाचा

आपल्या कोल्हापुरात एक गंमत आहे बघा. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, कुठल्याही मशीन शॉपमध्ये जावा, गाडीचे हब म्हणा ब्रेक ड्रम म्हणा सगळं मायक्रॉनमध्ये मोजून बाहेर पडतंय, एका भोकाचा साईज जरा इकडं तिकडं झाला की अख्खा लॉट रिजेक्ट. आणि तोच गडी संध्याकाळी स्वतःच्या गाडीची स्टेपनी बदलताना एल पान्यावर पाय ठेवून दोन उड्या मारतो आणि म्हणतो, आता काय सुटत नाही.

सुटत नाही हे खरं, पण पुढच्या वेळी पंक्चर झाल्यावर तुम्हालाही सुटत नाही. शिवाय त्या उड्यांनी स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, ताणला जातो, आटे खराब होतात, कधी ब्रेक डिस्कच वाकडी ओढली जाते, आणि मग ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतंय म्हणून माणूस अलाइनमेंट करत हिंडतो. म्हणून चाकाचे नट बरोबर टॉर्कला, म्हणजे मोजून दिलेल्या पिळाच्या जोराला, कसे आवळायचे, काय काय लागतं, लोक कुठं चुकतात, सगळं सविस्तर लिहितोय. घरच्या घरी जमण्यासारखं काम आहे, फक्त घाई नको.

आधी हे समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जातं

बऱ्याच जणांना वाटतं गाडीचं वजन त्या चार-पाच नटांवर टांगलेलं असतं. तसं नसतंय. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, रबर बँड ओढून धरल्यासारखा, आणि तो परत आखडायला बघतो त्यामुळं चाकाची डिस्क (ब्रेकची नव्हे, टायर जिच्यावर बसतो ती) हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरणाऱ्या भागाच्या, तोंडावर दाबून धरली जाते. हा दाब एवढा असतो की हब आणि डिस्क एकमेकांवर घसरूच शकत नाहीत, आणि खड्डे, ब्रेक, वळणं यांचा मार त्या घर्षणावर जातो, स्टडवर आडवा मार येतच नाही. नट सैल असला की हा दाब जातो, डिस्क हबवर बारीक बारीक सरकायला लागते, आणि मग स्टड प्रत्येक चक्कराला वाकतो सरळ होतो वाकतो सरळ होतो, शेवटी तुटतो. म्हणजे स्टड तुटलेला दिसला तर तो जास्त आवळल्यामुळंच तुटला असं नसतं, ढिला राहिल्यामुळंही तुटतो, आणि हे कितीतरी जणांना पटतच नाही.

आता आकडा ऐका. १२ एमएमच्या स्टडला १०० न्यूटन मीटर (टॉर्क मोजायचं एकक) टॉर्क दिला, आटे कोरडे आणि स्वच्छ असतील, तर एका नटाचा दाब साधारण चार टन येतो. चार नट म्हणजे सोळा-सतरा टन. मारुतीच्या छोट्या गाडीच्या एका चाकावर! त्यामुळं अजून जरा कचकून आवळायची काहीच गरज नसते.

दुसरी गोष्ट, तुम्ही पान्याला जो जोर लावता त्यातला साधारण नव्वद टक्के नटाच्या बुडाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच जातो, स्टड ताणायला उरतो जेमतेम दहा टक्के. म्हणून आटे गंजलेले असले तर टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला टॉर्क आला की टक वाजणारा पाना, टक वाजतो पण दाब आलेलाच नसतो, आणि आट्यांना तेल लावलं तर त्याच टॉर्कला दाब भलताच वाढतो. वरचेच १०० न्यूटन मीटर तेलकट आट्यांवर दिले तर चार टनाचे साडेपाच टन होऊ शकतात. आपल्याकडं नटाला बोटभर ग्रीस लावून बसवायची जी सवय आहे ना, पुढच्या वेळी लवकर सुटावा म्हणून, ती सोडा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं असेल तरच काहीतरी लावायचं, नाहीतर आटे स्वच्छ आणि कोरडे.

आकडा कुठनं आणायचा

मॅन्युअलमधनं. डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत गाडी घेतल्यापासनं न उघडलेलं पुस्तक पडलेलं असतं तेच ते. हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाईटवर पीडीएफ मिळतं. तरी अंदाज यावा म्हणून सांगतो: मारुतीच्या जुन्या हलक्या गाड्यांना ८५ न्यूटन मीटर, नंतरच्या बऱ्याच मॉडेलना १००. होंडा सिटी, अमेझला १०८. टोयोटाच्या बऱ्याच कारना १०३. ह्युंदाईच्या जुन्या गाड्यांना ८८ ते १०७ आणि नव्यांना १०७ ते १२७ असा पट्टा दिलेला असतो, तिथं मधला आकडा धरायचा. फोक्सवॅगन पोलो, व्हेंटो, स्कोडा रॅपिड या मंडळींना १२०. हे अंदाजासाठी, तुमच्या गाडीचं मॉडेल आणि वर्ष बघून पुस्तकातलाच आकडा घ्या.

एकक नीट बघा, इथं लय घोळ होतो. पुस्तकात कधी न्यूटन मीटर असतं कधी किलोग्रॅम मीटर, आणि रेंचवर एका बाजूला फूट पाउंड असतं. १ किलोग्रॅम मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन मीटर, आणि १ फूट पाउंड म्हणजे १.३६ न्यूटन मीटर. म्हणजे १०० न्यूटन मीटर बरोबर १०.२ किलोग्रॅम मीटर बरोबर ७४ फूट पाउंड. कुणी घाईत फूट पाउंडच्या बाजूला १०० सेट केलं तर नटावर १३६ न्यूटन मीटर जातात.

सामान

टॉर्क रेंच क्लिकवाला घ्या, अर्धा इंच ड्राईव्हचा, साधारण ४० ते २०० न्यूटन मीटरच्या रेंजचा. छोटा पाव इंची रेंच स्पार्क प्लगला ठीक, चाकाला नाही. क्लिकवाला रेंच त्याच्या रेंजच्या सगळ्यात खालच्या टोकाला तेवढा भरवशाचा नसतो, म्हणून आपला आकडा मधे कुठंतरी येईल असाच घ्यायचा. काट्याचा, म्हणजे दांडा वाकतो आणि काटा पट्टीवर आकडा दाखवतो तसला रेंच मिळाला तर तोही चांगला, त्यात बिघडण्यासारखं काही नसतं, फक्त समोरनं सरळ बघून वाचायला लागतं आणि चाकापाशी उकिडवं बसून ते जरा अवघडच जातं.

त्याबरोबर गोटी, म्हणजे सॉकेट. सहा कोनी घ्यायची, बारा कोनी नको, बारा कोनी गोटी घट्ट नटावर घसरते आणि नटाचे कोपरे खाते. होंडा आणि मारुतीला बहुतेक १९, ह्युंदाई टोयोटाला २१, फोक्सवॅगन स्कोडाला १७. अलॉय चाकांची भोकं खोल आणि अरुंद असतात, तिथं पातळ भिंतीची गोटी लागते, बाहेरनं प्लास्टिकचं कव्हर असलेली मिळाली तर अजून बरं, अलॉयला ओरखडा पडत नाही.

नट सोडायला वेगळा लांब दांडा ठेवा. टॉर्क रेंचनं नट सोडायचे नाहीत, तो मोजायचं हत्यार आहे, जाम नट सोडताना आतली स्प्रिंग आणि सेटिंग बिघडतं. बाकी तारेचा ब्रश, कोरडं फडकं, जॅक, चाकांना लावायला दोन विटा नाहीतर लाकडाचे ठोकळे, आणि पांढरा किंवा पिवळा पेंट मार्कर. मार्कर कशाला ते पुढं येतंय.

रेंचवर आकडा लावायची रीत एकदा बघून घ्या, कारण दुकानदार ती सांगत बसत नाही. बऱ्याच रेंचवर दांड्याला उभी मोठी पट्टी असते, २८, ४२, ५६, ७०, ८४, ९८, ११२ अशी चौदा चौदाच्या टप्प्यानं, आणि मुठीच्या वरच्या कडेला गोल बारीक आकडे असतात. १०८ लावायचं तर मूठ फिरवत ९८ च्या रेषेवर आणायची, गोल पट्टीवरचा शून्य मधल्या उभ्या रेषेला जुळला की तिथनं अजून १० पर्यंत फिरवायची. १२० साठी ११२ आणि ८. ८५ साठी ८४ आणि १. मग बुडाचा लॉक घट्ट करायचा, नाहीतर आवळता आवळता मूठ फिरते आणि सेटिंग हलतं.

सोडणं आणि साफसफाई

गाडी सपाट आणि कठीण जागेवर. घाटात, उतारावर नको. शेताच्या बांधाला काळ्या मातीत जॅक लावला तर रुततो, तिथं खाली जाडजूड फळी घालायची. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, आणि जे चाक काढणार त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढनं मागनं विटा लावा.

नट आधी जमिनीवरच अर्धा फेरा सैल करायचे, मग जॅक. चाक हवेत असताना जाम नटाला हिसके दिले की गाडी जॅकवरनं घसरू शकते. जॅक दाराखालच्या पट्टीवर जिथं खाच दिलीय तिथंच लावायचा. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात पाय डोकं काही घालायचं नाही, चाक काढल्यावर ते गाडीखाली आडवं सरकवून ठेवा, जॅक सुटलाच तर गाडी चाकावर थांबते.

गगनबावडा, राधानगरीकडं रोज ये-जा असणाऱ्यांना माहितीय, दोन पावसाळे काढले की अलॉय हबला चिकटून बसतं, सगळे नट काढले तरी चाक हलत नाही. अशा वेळी जॅकवर असताना चाकाला लाथा घालू नका. सगळे नट परत हातानं बसवा, मग अर्धा-एक फेरा सैल ठेवा, गाडी खाली घ्या आणि बाजूनं ढकलून दोन-चार वेळा डोलवा, कट्ट करून चाक सुटतं. मग परत जॅक.

चाक निघालं की हबचं तोंड नीट बघा. हा भाग बहुतेक कुणी करत नाही आणि बरेचसे घोळ इथंच असतात. मधल्या उंचवट्याभोवती लाल गंजाचं कडं असतं, त्यात पावसाळ्यातला चिखल वाळून बसलेला, स्टडच्या मुळाशी बारीक खडी. हे तसंच ठेवून वरनं चाक आवळलं की नट टॉर्कला बसतो, रेंच टक वाजतो, आपण खूष, आणि वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये तो गंजाचा थर चेपला जातो, दाब उडतो. तारेच्या ब्रशनं हबचं तोंड धातू दिसेपर्यंत घासा, डिस्कची मागची बाजूही तशीच घासा, फडक्यानं पुसा. नवीन पावडर कोटिंग केलेली डिस्क असेल तर जिथं हब टेकतो आणि जिथं नट बसतो तिथला रंगाचा जाड थर काढायचा, रंगही गंजासारखाच चेपतो.

चाक परत चिकटू नये म्हणून काही लावायचंच असेल तर हबच्या मधल्या उंचवट्याच्या गोल कडेला अगदी पुसल्यासारखं अँटी सीझ (धातू एकमेकाला चिकटू नये म्हणून लावायची पेस्ट) लावा. तोंडावर नाही, स्टडवर नाही, नटाच्या बैठकीवर तर अजिबात नाही.

नट कसला आहे ते बघा

हे वाचायला कंटाळवाणं आहे पण सोडू नका. नट डिस्कवर जिथं टेकतो ती बैठक तीन प्रकारची असते. एक तिरकी, शंकूसारखी, साठ अंशाची, ही सगळ्यात जास्त दिसते. दुसरी गोलाकार, होंडा आणि फोक्सवॅगन, स्कोडाला अशी असते. तिसरी सपाट, वॉशर असलेली, टोयोटाच्या कंपनी अलॉयला दिसते. गोल बैठकीच्या भोकात शंकूचा नट घातला तर तो फक्त एका बारीक कडीवर टेकतो, टॉर्क बरोबर दिला तरी काही दिवसात सैल. कंपनीच्या लोखंडी डिस्क काढून बाहेरचे अलॉय बसवताना हा प्रकार हमखास होतो, कारण दुकानदार म्हणतो जुनेच नट चालतात की. अलॉयवाल्याला बैठक कसली ते विचारा, नाही सांगता आलं तर नट हातात घेऊन भोकाशी लावून बघा, डोळ्याला कळतं.

आपल्याकडच्या बहुतेक मारुती, ह्युंदाई, होंडा, टोयोटाला हबमध्ये स्टड आणि वरनं नट असतो. फोक्सवॅगन, स्कोडाला स्टडच नसतो, बोल्ट सरळ हबमध्ये जातो. बोल्टवाल्या गाडीचं चाक एकट्यानं बसवणं म्हणजे वैताग, एका हातानं चाक उचलून भोक जुळवायचं आणि दुसऱ्यानं बोल्ट घालायचा. त्यावर सोपा उपाय आहे. उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडनं त्या बोल्टाच्या मापाचा, पोलो वगैरेला १४ एमएम आणि १.५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर), बिनडोक्याचा चार-पाच इंची स्टड करून घ्या, वरच्या भोकात हातानं फिरवून बसवा, चाक त्याच्यावर अडकवा, बाकीचे बोल्ट निवांत घाला, शेवटी तो काढून तिथं बोल्ट लावा. लेथवाल्या मामांचं दहा मिनिटांचं काम आहे.

स्पेसर (हब आणि चाकाच्या मधे घालायची चकती) घातला असेल किंवा जाड अलॉय असेल तर आटे मोजा. नट किंवा बोल्ट हातानं घट्ट होईपर्यंत किमान सात-आठ फेरे आत गेला पाहिजे. तीन-चार फेऱ्यातच टेकला तर बोल्ट आखूड आहे, टॉर्क रेंच टक वाजेल पण धरून ठेवायला आटेच नाहीत.

आता आवळायचं

सगळे नट आधी बोटांनी फिरवून बसवायचे. पाना नाही, गन (टायरवाल्याचं नट फिरवायचं मशीन) तर नाहीच. दोन-तीन फेऱ्यातच नट जड लागला तर थांबा, आटा तिरका पकडलाय, उलट फिरवून सोडा आणि परत लावा. जोर लावून पुढं नेला की आटे गेलेच. एक सवय चांगली आहे, नट टेकवून आधी जरासा उलटा फिरवायचा, आटा आट्यात पडल्याचं बोटाला बारीक टक जाणवतं, मग सुलटा.

चाक हवेत असतानाच पान्यानं हलकं आवळायचं, चाक हबवर चपखल बसेल एवढंच. क्रम महत्त्वाचा आहे. चार नट असतील तर एक आवळला की त्याच्या बरोबर समोरचा, मग उरलेल्या दोनातला एक, मग त्याच्या समोरचा. पाच असतील तर एक सोडून एक, चांदणी काढल्यासारखं. गोल गोल क्रमानं आवळलं की डिस्क एका बाजूनं आधी बसते आणि दुसरीकडं केसाएवढी फट राहते, पहिले नट घट्ट वाटतात आणि शेवटचा आवळेपर्यंत पहिलेच सैल झालेले असतात.

मग गाडी एवढीच खाली घ्या की टायर जमिनीला टेकेल आणि चाक फिरणार नाही, पूर्ण वजन अजून नको. रेंच निम्म्या आकड्याला लावा, १०० द्यायचे असतील तर ५० ला, आणि त्याच क्रमानं एक फेरी मारा. मग गाडी पूर्ण खाली, रेंच पूर्ण आकड्याला, आणि तोच क्रम परत.

रेंच ओढताना मुठीच्या मधोमध एका हातानं धरायचा, दुसरा हात गोटीपाशी नुसता आधाराला, आणि सावकाश एका दमात ओढायचा. झटका दिला तर क्लिकच्या पुढं गेलेलं कळतच नाही. क्लिक होताना दांडा तळहातात जरासा सैल पडल्यासारखा वाटतो, रस्त्यावर आवाज असला तर कानापेक्षा हातावर भरवसा ठेवा. एकदा टक झालं की थांबायचं. खात्रीसाठी म्हणून अजून दोन-तीन टक टक करणारे लय लोक बघितलेत, प्रत्येक टकेला थोडा थोडा टॉर्क वाढतच जातो. रेंचच्या दांड्याला पाईप पण घालायचा नाही, त्यानं मोजमाप चुकतं. गोटी आणि रेंचच्या मधे सरळ एक्स्टेन्शन चालतं, त्यानं काही फरक पडत नाही.

सगळे झाले की प्रत्येक नटावरनं डिस्कवर येणारी एक बारीक रेघ पेंट मार्करनं ओढा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. रोज सकाळी गाडी काढताना खाली वाकायचं पण काम नाही, नुसती नजर टाकली की कळतं.

पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत

चाक काढून बसवलं की ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर एकदा परत टॉर्क बघायचा. पन्हाळ्याला जाऊन आलात की चाळीसच्या पुढं होतातच, सांगलीला जाऊन आलात तर शंभरच्या आसपास. घरी आल्या आल्या नाही, घाटातनं उतरलेली गाडी असली तर डिस्क आणि हब तापलेले असतात, गाडी थंड होऊ द्या, सकाळी बघा. नट न सोडता त्याच आकड्याला रेंच लावून त्याच क्रमानं ओढायचं. जागेवरच टक वाजला तर झालं. थोडंसं, म्हणजे रेंचची मूठ अंगुळभर सरकून वाजला तरी ठीक, थर चेपले असतील, परत पन्नास किलोमीटरनं बघा. पण पाव फेरा फिरला तर मामला गडबडीचा आहे, चाक काढून हबचं तोंड, नटाची बैठक, आटे सगळं परत तपासायचं.

इथं एक फसगत होते. क्लिकवाला रेंच नट कमी आवळलाय एवढंच सांगतो, जास्त आवळलेला सांगत नाही. टायरवाल्यानं गननं ३०० न्यूटन मीटरला ठोकून बसवलेला नट १०० ला सेट केलेल्या रेंचवर लगेच टक वाजतो आणि आपल्याला वाटतं वा, एकदम बरोबर. म्हणून टायर दुकानातनं आलेली गाडी असेल तर गाडी जमिनीवर असताना एक एक नट अर्धा फेरा सोडा आणि टॉर्कनं परत आवळा, एक पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

टायरवाल्याशी भांडण करायची गरज नाही. सकाळपासनं पन्नास चाकं काढणाऱ्या माणसाला गन लागणारच, नट जागेवर आणायला गन ठीकच आहे. फक्त आधीच सांगायचं, मामा, गननं नुसतं टेकवा, शेवटचं मी आवळतो. डिक्कीतनं रेंच काढला की बहुतेक जण हसतात, पण ऐकतात. एखादा स्वतःचा टॉर्क रेंच काढून दाखवतो, असा मिळाला तर त्याला सोडू नका.

रस्त्यात रेंच नसेल तर

रात्री हायवेवर किणी टोलच्या अलीकडं पंक्चर झालं आणि जवळ गाडीबरोबर आलेला एल पानाच आहे, तर काय? गणित सोपं आहे. दांडा मीटरमध्ये मोजायचा, टोकाला किती किलोचा जोर तो धरायचा, गुणायचे आणि ९.८१ नं गुणायचं. एल पाना साधारण २५ सेंटिमीटरचा असतो, त्यावर १०० न्यूटन मीटर यायला टोकाशी ४१ किलोचा जोर लागतो, म्हणजे धडधाकट माणसानं एका हातानं चांगला दम लावून ओढला की जवळपास येतं. सत्तर किलोचा माणूस त्याच्यावर नुसता उभा राहिला तर १७० च्या पुढं जातं. आणि मीटरभर पाईप घालून तोच माणूस लोंबकळला तर सातशेच्या घरात, तिथं स्टडचं काही खरं नाही.

अजून नेमकं पाहिजे असेल तर प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकवाला डिजिटल काटा मिळतो ना, तो वापरा. लांब दांडा, म्हणजे नटाच्या मध्यापासनं हुक अडकवायच्या जागेपर्यंत बरोबर ५० सेंटिमीटर, असेल तर १०० न्यूटन मीटरला काट्यावर साडेवीस किलो यायला पाहिजेत, १२० ला साडेचोवीस. चाकाकडं तोंड करून बसा, दांडा डावीकडं आडवा ठेवा आणि काटा सरळ वर ओढा, दांड्याशी काटकोन राहिला पाहिजे. टॉर्क रेंचएवढं अचूक नाही, पण पायानं दाबण्यापेक्षा शंभर पट बरं, आणि घरी पोचल्यावर थंड चाकावर रेंचनं परत बघायचं आहेच.

सैल पडल्याच्या खुणा

हळू वेगात, दारांच्या काचा उघड्या असताना चाकाकडनं ठक ठक किंवा कटकट आवाज, वेग वाढला की स्टिअरिंग किंवा सीट हलणं, आणि नटांच्या भोकातनं बाहेर पसरलेली लालसर पावडर किंवा गंजाचे ओघळ. ही पावडर म्हणजे डिस्क हबवर घासतेय. असं दिसलं तर घरी जाऊन बघू म्हणायचं नाही, तिथंच बाजूला घ्या. नुसतं परत आवळून भागत नाही, चाक काढून भोकं लांबट झालीत का, बैठकीवर चमकदार घासलेलं कडं आहे का ते बघा, भोक लांबट असेल तर ती डिस्क गेली. एखादा स्टड तुटला असेल तर त्याच्या शेजारचे दोन्हीही बदला, कारण तो तुटेपर्यंत त्याचा भार तेच झेलत होते.

रेंचची काळजी

काम झालं की मूठ फिरवून सेटिंग पट्टीवरच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं, त्याच्याही खाली सोडवत न्यायचं नाही. डिक्कीत टूलबॉक्समध्ये हातोड्याच्या सोबतीला टाकू नका, त्याच्या प्लास्टिकच्या पेटीतच राहू दे. क्लिकवाल्या रेंचला चार टक्के इकडं तिकडं चालतं असं आयएसओ ६७८९ हे मानक सांगतं, आणि दर ५००० वेळा ओढल्यावर किंवा वर्षाला एकदा कॅलिब्रेट करायचं, म्हणजे अचूकता तपासून घ्यायची, असा दंडक आहे. एमआयडीसीत क्वालिटीत कामाला असणारा मित्र असेल तर त्यांचे रेंच जिथं जातात तिथं आपलाही पाठवता येतो.

तेवढं नको असेल तर घरी चाचणी घ्या. रेंचचा चौकोनी ड्राईव्ह बाकावरच्या शिकंज्यात घट्ट पकडा, दांडा आडवा, आणि ड्राईव्हच्या मध्यापासनं बरोबर ४० सेंटिमीटरवर, म्हणजे मुठीवरच, दोरीनं २५ किलो वजन अडकवायचं. २५ किलो गुणिले ०.४ मीटर गुणिले ९.८१ म्हणजे ९८ न्यूटन मीटर, मघाच्या पट्टीवरची ९८ ची रेषा. तालमीत पंचवीस किलोची प्लेट मिळतेच, नाहीतर बादलीत वाळू भरून काट्यावर मोजून घ्या. रेंच ९८ ला लावा, वजन हातानं उचलून धरा आणि सावकाश सोडा. रेंचचं स्वतःचं वजनही थोडी भर घालतं म्हणून साडेचोवीस किलोच्या आसपास टक व्हायला पाहिजे, एखादा किलो कमी-जास्त चालेल. बावीसलाच वाजला किंवा अठ्ठावीसलाही वाजला नाही तर लॅबला पाठवा, आणि तो दुरुस्त होऊन येईपर्यंत हुकवाला काटा वापरा.